पेन्सिलीतला खुनी

शिरोड्याच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक.
पाठीला खाकी कागद, कोपऱ्यांना खळ,
आत तारखांचे जांभळे शिक्के,
चार वर्षांत अकरा जणांनी नेलेलं.
बारावी मी.

गॅसवर बांगड्याचं तिखलं ठेवलंय.
तिरफळं टाकली की नाही, आठवत नाही.
सातव्या पानावर, दीपगृहाच्या पायरीवर
एक बूट सापडलाय, डाव्या पायाचा,
आत पाय असलेला.
आता तिरफळांचं कोण बघतंय?

दिवसभर मी कारखान्यात काजूगर निवडते.
अख्खा इकडे, पाकळी तिकडे, तुकडा खाली,
डागी वेगळ्या पाटीत.
तीच सवय इथेही.
जहाजाचा कप्तान: वरून अख्खा, आतून किडका.
विधवा बहीण: पाकळी. मग दुसरी पाकळी कुठे गेली?
दीपगृहाचा रखवालदार फारच पांढरा,
असला गर मी उजेडात धरून बघते.
आणि तो हसरा वैद्य,
त्याला अजून कुठल्याच पाटीत टाकवत नाही.

नवरा बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
मुलगी आरोंद्याला, मामाकडे.
घरात मी, पंखा, आणि एक खून.
एवढं सुख
चतुर्थीलासुद्धा मिळत नाही.

शहात्तर पानं झाली. पुढच्या पानाच्या समासात
पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं:
‘खुनी वैद्य. पान ७७ नीट वाचा.’

मेल्या!
मोठ्याने ओरडले मी.
अर्धं पुस्तक उरलं होतं माझं,
ताटातली तुकडी मांजराने न्यावी
तसं झालं.
मग ते सात पाहिले.
शेपूट गळासारखं आत वळवलेले दोन सात.
असा सात अख्ख्या तालुक्यात एकच माणूस काढतो,
आमचे सुपरवायझर पेडणेकर,
रोज माझ्या चिठ्ठीवर, वजन लिहिताना.
ज्यांना हसताना
काट्यानेही कधी पाहिलं नाही
ते हे वाचतात?
रात्री, चष्मा लावून, पायावर पाय टाकून?

तिखलं करपलं, वासानेच कळलं.
भाताला लोणचं लावलं, डाव्या हाताने पान उलटलं.

दहाला मागीलदारी झावळ पडली,
मी कप्तानाचं नाव घेऊन किंचाळले.
अकराला वीज गेली. टॉर्च हनुवटीखाली धरला.
समुद्र शंभर पावलांवर, रोजच गाजतो,
पण आज कुणीतरी चालत आल्यासारखा:
पाऊल. थांबला. पाऊल.
कडी लावली का? लावलीय.
उठून पुन्हा बघितली. लावलीय.
वैद्य पानोपानी काढे देतोय
आणि प्रत्येक घोटाला मी म्हणतेय,
नको गो, पिऊ नको.

दोन वाजले. शेवटून तिसरं पान.
वैद्य मेला.
म्हणजे, मारला गेला.
मारणारी ती पाकळी, बहीण,
जिला मी संध्याकाळी
बोटांत धरून सोडून दिली होती.

काळोखात एकटीच हसत बसले.
शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं.
पेडणेकर, खोटं लिहिलंत तुम्ही!
पेन्सिलीला टोक काढून, शांतपणे,
पुढे येणाऱ्या प्रत्येकासाठी.

सकाळी काट्यावर टोपली ठेवताना
हळूच म्हटलं, ‘वैद्य नव्हता.’
त्यांनी मान वर केली नाही.
चिठ्ठी फाडली, पुढचीला हाक मारली.

बाहेर माडाखाली उभी राहून वाचली.
सत्तावीस किलो सातशे.
खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
‘ह्याच लेखकाचं दुसरं माझ्याकडे आहे.
शुक्रवारी परत करतो.
त्यात मात्र वैद्यच.’

आता शुक्रवारपर्यंत
ह्या माणसाला मी
कुठल्या पाटीत टाकू?